उंबरघोळचा न मावणारा पाऊस

गगनबावड्याच्या बाजूला जुलै महिन्यात शहाणं माणूस जात नाही. मी गेले, कारण तेव्हा मी शहाणी नव्हते, बी.एस्सी. होते.

बाविशीतली ती मुलगी आज डोळ्यांसमोर आणली की माझं मलाच हसू येतं. मंगळवार पेठेतल्या शाळामास्तरांची थोरली लेक, अंगावर गुळगुळीत पाचवारी, मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ आणि दर दोन वाक्यांना 'शास्त्रीयदृष्ट्या' हा शब्द. आई म्हणायची, "हिच्याकडं मीठ मागू नका, शास्त्रीयदृष्ट्या देईल आणि भाजी खारट होईल."

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. दरबारच्या काळात गावोगाव बसवलेली पाऊस मोजायची भांडी आता देशाच्या हवामान खात्याच्या हिशेबात आली होती. कोल्हापुरातली आमची कचेरी म्हणजे दोन टेबलं, गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आणि आवारात थर्मामीटर ठेवलेली पांढरी जाळीदार पेटी. तिथं मी तात्पुरत्या नेमणुकीवर होते. सकाळी साडेआठला सगळी मापं घ्यायची, त्यांचे पाच-पाच आकड्यांचे गट करायचे आणि तार ठोकायची. देशभरातल्या अशा तारा मोठ्या कचेरीत जमत, तिथं कुणीतरी टोकदार पेन्सिलीनं ते आकडे नकाशावर मांडी, रेघा ओढी, आणि उद्या कुठं काय होईल ते दुपारपर्यंत ठरे. यंत्रं नाहीत, उपग्रह नाहीत. माणसं, पेन्सिली आणि तारा. हा सगळा नकाशा आपल्या एकटीच्या खांद्यावर उभा आहे, असं मला मनापासून वाटत असे.

त्या नकाशात उंबरघोळ नावाचा एक काटा रुतला होता. गगनबावड्याच्या अलीकडं, रस्ता सोडून आत डोंगरात वसलेलं गाव. तिथल्या शाळेचे दत्तू मास्तर पाऊस मोजून कळवीत. तिथलं भांडं जुनं आणि लहान, पाच इंचांपेक्षा जास्त पाऊस त्यात मावत नसे. आणि मास्तरांनी एका दिवसाचा पाऊस लिहून पाठवला होता अकरा इंच.

"पाच शेराच्या चरवीत अकरा शेर दूध!" आमचे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "घरात चुलीजवळ बसून आकडे लिहितोय तो."

पत्र तयार झालं. उंबरघोळचे तीन वर्षांचे आकडे खोटे धरून नोंदीतून काढावेत, भांडं उचलून आणावं आणि मास्तरांबद्दल शाळाखात्याला कळवावं. म्हणजे मास्तरांच्या नोकरीवरच गदा. फक्त एकदा जागेवर जाऊन खात्री करायची राहिली होती. जायचं होतं आमच्या मोठ्या निरीक्षकांनी, पण त्यांना नेमकी कावीळ झाली. मी उठून म्हणाले, "मी जाते." साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू कोंबडा गच्चीवरून बोलला. पण दुसरं माणूसच नव्हतं. कचेरीतले म्हातारे शिपाई गणूमामा सोबत येणार म्हटल्यावर वडिलांनीही परवानगी दिली.

ते पत्र पिशवीत घालून मी निघाले. एका माणसाचं खोटं पकडायला निघाल्याचा आनंद मला झाला होता, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. पण झाला होता.

बालिंगा ते साळवण

सर्व्हिस गाडीला बाजूनं ताडपत्री होती आणि ताडपत्रीला भोकं होती. बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत माझी अर्धी पाचवारी भिजली. शेजारी घोंगडं पांघरलेला एक शेतकरी बसला होता.

"बाई, कुटं निगालासा?"

"उंबरघोळला. पावसाची तपासणी करायला."

त्यानं माझ्या मांडीकडं बोट दाखवलं. "मग हितंच करा की. ह्यो काय, पडाय लागलाय."

सगळी गाडी हसली. गणूमामाही हसले, पण तोंड फिरवून.

वाटेत कळे गावी गरम भजी खाल्ली. साळवणला कंडक्टरनं जाहीर केलं, "फुडं रस्त्यावर पाणी हाय. ज्यांस्नी पोहता येतंय त्यांनी जावा, बाकीच्यांनी च्या पिऊन घ्या." आम्ही चहा प्यालो आणि डोंगराच्या कडेकडेनं पायवाटेनं निघालो. 

त्या पायवाटेनं माझा सगळा रुबाब हप्त्याहप्त्यानं काढून घेतला. पहिल्या चढावर छत्री उलटी झाली. खाचराच्या बांधावरून जाताना डावी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. डोक्यावर पाना-बांबूची इरली घेऊन बायका भाताची रोपं लावत होत्या. त्यांतली एक कंबर सरळ करून म्हणाली, "आगं बया! हिनं छत्रीला धरलंय का छत्रीनं हिला?"

जंगलाच्या तुकड्यात पायांना जळवा लागल्या. गणूमामांनी तंबाखू चोळून त्या काढल्या. शास्त्रीयदृष्ट्या काही सुचायच्या ऐवजी मी 'आई गंऽऽ' अशी किंचाळले की झाडावरचं पाणी पडलं.

उंबरघोळ, पहिली संध्याकाळ

मास्तरांच्या दारात त्यांची आई उभी होती. तानूबाई. गाव तिला तानाक्का म्हणे. बारीक अंगकाठी, लुगड्याचा काष्टा घट्ट, नजर चाकूसारखी. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. एक पाय चपलेत, एक चिखलात.

"ह्यो इनिसपेक्टर?" तिनं गणूमामांना विचारलं. मग मला म्हणाली, "जा, आदी पाय धुऊन ये. मग कर काय तपास करायचा त्यो."

आमच्याकडं पाहुण्याला पाट देतात, तिथं चुलीपुढची जागा देतात. आमच्याकडं ओले कपडे मागच्या दोरीवर टाकतात, तिथं चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्ट्यावर. चार महिने ऊन नसतंच, तर दुसरं करणार काय? त्या घरातली माणसं, कपडे, पुस्तकं, सगळ्यांना धुराचा एकच वास होता, आणि तासाभरात तो मलाही लागला.

जेवायला नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा लालभडक रस्सा. मटणाच्या बाबतीत मी पेठेत कुणाला हार जाणारी नव्हते, पण ताटातल्या त्या नांग्या बघून हात जोडून बसले.

"बगतीस काय? मेलाय त्यो," तानाक्का म्हणाली. "फोड नांगी."

फोडली. तो पहिला घास मी अजून विसरले नाही. नाकातून, डोळ्यांतून पाणी, आणि तरी ताट पुढंच.

दत्तू मास्तर पस्तिशीचे, अबोल, हाडकुळे. माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघत. मला त्यांच्यात अपराधी माणसाची सगळी लक्षणं दिसत होती, कारण मी तीच शोधत होते. तेवढ्यात माझं लक्ष चुलीशेजारच्या भिंतीकडं गेलं. खालपासून हाताला पोचेल तिथपर्यंत चुन्याच्या उभ्या रेघाच रेघा. आमच्या पेठेत गवळी रतीब घातला की दारामागच्या भिंतीवर अश्शीच रेघ ओढून जाई.

"बरंच दूध घालता हो तुम्ही," मी म्हटलं.

मास्तरांचा घास हातातच राहिला. "व्हय... घालतो थोडं."

तानाक्कानं लेकाकडं बघितलं. लेकानं ताटाकडं.

आंचवायला बाहेर गेले तेव्हा गणूमामा हळूच म्हणाले, "बाई, गोठ्यात एकच म्हस हाय आन् ती गाभण हाय, आटलीया. दूध कसलं घालत्यात?"

झालं. माझ्या मनात निकाल लागला. जो दुधाबद्दल खोटं बोलतो, तो पावसाबद्दल खरं कशाला बोलेल?

दुसरा दिवस

सकाळी मी नोंदवही मागितली. एकही खाडाखोड नाही, एकही दिवस गाळलेला नाही. इतकं नीटनेटकं खोटं मी पहिल्यांदाच बघत होते. भांडं अंगणात मोकळ्या जागी, दगडी चौथऱ्यावर. वरचं तांब्याचं नरसाळं चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. हेही मला संशयास्पदच वाटलं.

माझा बेत तयार होता. साडेआठला मी स्वतः पाणी मोजलं, भांडं रिकामं केलं, बंद केलं आणि त्याच्या कडीला कुलूप घातलं. किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"उद्या साडेआठपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मास्तर पांढरे पडले. "दिवसभर कुलूप? बाई, मग पाऊस..."

"पाऊस आत सुरक्षित राहील, मास्तर. सरकारी भांडं आहे."

हे वाक्य बोलणारी ती मुलगी आज समोर आली तर तिचा कान धरून तिला अंगणात उभी करीन.

मास्तर मान खाली घालून शाळेला गेले. शाळा ओढ्यापलीकडं. तानाक्का मात्र जागची हलली नाही. ती घरात गेली आणि रॉकेलचा एक रिकामा चौकोनी डबा घेऊन आली, वरचं तोंड कापलेला. आमच्या भांड्याशेजारी एक सपाट दगड मांडून तिनं तो त्यावर ठेवला.

"तू तुज्या डब्याला कुलूप घाल. माजा डबा उगडा ऱ्हातोय."

"तानाक्का, ते शास्त्रीय उपकरण नाही."

"न्हाईच. त्यात फकस्त पाऊस पडतोय."

आणि पाऊस पडला. तुम्ही पेठेत, छत्रीखालून बघता तो पाऊस नव्हे. समोरचा डोंगर दहा मिनिटांत पुसला गेला. मग गोठा पुसला गेला. मग अंगणातली तुळस. गोठ्याच्या पत्र्यावर एकसारखा ताशा वाजत होता आणि बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत होतं.

दुपारी तानाक्का हात पुढं करून उभी राहिली. "किल्ली दे पोरी. भांडं भरत आलं असंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कान हायत की. ह्यो असा ताशा वाजाय लागला की भात शिजस्तवर एक गिलास हुतोय."

"गिलास?" मी कान टवकारले. पाऊस मोजायच्या काचेच्या मापाला आम्ही ग्लासच म्हणत असू. तो ग्लास भरला की अर्धा इंच पाऊस. "तुम्हाला ग्लास कसा माहीत?"

"ऐकलंय," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

मी किल्ली दिली नाही. उलट पदराला दुसरी गाठ मारली.

पाचच्या सुमारास गणूमामांनी ओसरीवरून हाक मारली. "बाई, या हिकडं. तुमचं सरकारी भांडं रडाय लागलंय."

मी घोंगडं घेऊन धावले. नरसाळं आणि डबा जिथं जुळतात त्या सांध्यातून पाणी भळाभळा वाहत होतं. भांडं तुडुंब भरलं होतं आणि वरून पडणारा सगळा पाऊस मोजणीबाहेर जाऊन चिखलात मिसळत होता. पाऊस कुलपात ठेवायला निघालेली जगातली पहिली बाई तिथं एका चपलेवर उभी होती.

शेजारी रॉकेलचा डबा शांतपणे भरत होता. मी फूटपट्टी आणून त्यात उभी धरली. सहा इंचांना दोन सुतं कमी. म्हणजे पावणेसहा. आणि मग, इतक्या उशिरा, माझी बी.एस्सी. जागी झाली. सरळ उभ्या बाजूंचं भांडं असेल तर तोंड केवढंही असो, आत साचलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. त्या बाईनं ते अंगणात मांडून ठेवलं होतं आणि मी तिला सांगत होते की हे शास्त्रीय नाही.

"तानाक्का," मी ओरडले, "किल्ली घ्या!"

पदराची गाठ भिजून दगड झाली होती. सुटेना. तिनं माझा पदर ओढला, दातांनी गाठ सोडली, थुंकली आणि म्हणाली, "गाठ बी बी.एस्सी.च मारलीयास."

मग मी बघितलं ते असं. तिनं ग्लास सपाट दगडावर ठेवला, पाणी ओतलं, उकिडवी बसून डोळा पाण्याच्या पातळीला आणला. "पाण्याच्या पोटाला बगायचं, कडंला न्हाय," ती मला समजावत होती. हेच सांगता सांगता कॉलेजात आमच्या सरांचा घसा बसला होता. दहा ग्लास झाले, म्हणजे पाच इंच, भांड्यात मावला तेवढा. ती घरात गेली, चुन्याच्या बोटानं भिंतीवर दहा रेघा ओढल्या आणि बोट लुगड्याला पुसलं.

मी त्या भिंतीकडं बघत राहिले. "म्हणजे हे दूध नाही?"

"तुला दूध कुनी सांगितलं?"

"मास्तरांनी."

"त्यो भितोय," ती म्हणाली.

मास्तर दोराला धरून ओढा ओलांडून आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आईच्या हातात किल्ली बघून ते उंबऱ्यावरच बसले. मग सगळं बाहेर आलं. ओढा चढला की मास्तर शाळेत अडकत, कधी दोन-दोन दिवस. भांडं तर दिवसातून तीन-चारदा रिकामं करावं लागे. ते काम पहिल्या वर्षापासून तानाक्काच करत होती. गुरं सोडताना एकदा, भात टाकताना एकदा, गोठा झाडताना एकदा. एक ग्लास, एक रेघ. अर्धा ग्लास, अर्धी रेघ. मास्तर घरी आले की रेघा मोजून वहीत उतरवत. पण नियम असा की नेमलेल्या माणसाशिवाय भांड्याला कुणी हात लावायचा नाही.

"आईला अक्षर न्हाय, आकडा न्हाय," मास्तर म्हणाले. "कागदावर नाव माजं. खरं सांगितलं तर भांडं जातंय, न्हाय सांगितलं तर मी जातोय."

"जाऊ दे की भांडं," तानाक्का म्हणाली. "पाऊस काय भांडं बगून पडतोय व्हय?" असं म्हणत होती आणि पदरानं ग्लास पुसत होती. पुसून झालेला ग्लास पुन्हा पुसत होती.

मी पिशवीतलं पत्र काढून मास्तरांना वाचायला दिलं. लपवून ठेवणं मला जमेना. त्यांनी वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"उद्या साडेआठपर्यंत तानाक्काच मोजतील," मी म्हणाले. "डबाही तिथंच राहू दे. आत्ता डब्यात पावणेसहा आहेत. उद्या डबा आणि भिंत एकमेकांशी जुळली पाहिजेत."

"जुळतील की," तानाक्का म्हणाली. "तुमी मदी कुलूप न्हाय घातलंसा तर."

तिसरा दिवस, सकाळी साडेआठ

अंगणात आम्ही चौघं आणि शेजारपाजारची वीसेक माणसं. गावाला कळलं होतं की आज तानाक्काची परीक्षा आहे. गणूमामांनी डब्यावर घोंगडं धरलं. मी फूटपट्टी घातली, काढली, पुन्हा घातली. साडेअकरा.

कालच्या पावणेसहातून आज साडेअकरा. म्हणजे मधल्या वेळात पावणेसहा इंच.

मग भिंत. कालच्या दहा रेघांच्या पुढच्या रेघा मी मोठ्यानं मोजल्या. "...नऊ, दहा, अकरा." आणि एक अर्धी. साडेअकरा ग्लास. ग्लासाला अर्धा इंच. म्हणजे पावणेसहा.

मग मास्तर लहान मुलासारखे हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. "आकरा इंच, बाई! आकरा इंचावर अर्धा!" ते ओरडत होते. मी वही उघडून त्या वादातल्या दिवसाची रेघांची ओळ भिंतीवर शोधली. बरोबर बावीस रेघा. ना एक जास्त, ना एक कमी. दर दिवाळीला घर सारवताना जुन्या रेघा पुसल्या जात, पण या पावसाळ्याचा दिवस न् दिवस भिंतीवर होता, आणि प्रत्येक दिवस वहीशी जुळला. देशाच्या नकाशावरचा एक आकडा त्या भिंतीवरून निघून गेला होता, आणि खरा होता.

आता घाई होती. घाटात साडेअकरा इंच म्हणजे दुसऱ्या दिवशी पंचगंगा कोल्हापूरच्या उंबऱ्यात. गगनबावड्याच्या तारघराची वाट चढावर, ती चालू होती. मी तार लिहून मास्तरांच्या हाती दिली. आकड्यांचे गट लिहिले आणि नियम मोडून पुढं शब्द जोडले: आकडा खरा, मी स्वतः मोजला. मास्तर घोंगडं डोक्यावर घेऊन धावत सुटले.

पाणी उतरेपर्यंत आम्ही आणखी दोन दिवस अडकलो. त्या दोन दिवसांत मी नाचणीची भाकरी थापायला शिकले. तानाक्कानं ती कुत्र्याला घातली, कुत्र्यानं मास्तरांकडं बघितलं. आणि बाकीचे कागद सगळे भिजल्यामुळं मी माझा अहवाल त्या तयार पत्राच्याच पाठीवर लिहिला: पाऊस खरा, नोंद खरी, मोजणी मास्तरांच्या मातोश्रींची, आणि आपल्या कचेरीत त्यांच्याइतकं अचूक माप कुणी घेत नाही, माझ्यासकट.

परत

कोल्हापुरात पाय ठेवल्यावर कळलं की तार वेळेवर पोचली होती. साहेबांनी ती तीनदा वाचली, मग थेट मामलेदारांकडं नेली. नदीकाठच्या गल्ल्यांत दवंडी फिरली. गुरं, गवताच्या गंजी, धान्याची पोती आधीच वर हलली आणि मग रात्रीत पाणी आलं. रिकाम्या गोठ्यांत आलं. कचेरीत शिरले तेव्हा मी अनवाणी होते आणि अंगाला धुराचा वास येत होता.

साहेबांनी पत्र हातात घेतलं. आधी त्यांचीच बाजू वाचली आणि मान डोलावली. मग उलटलं. पाठची बाजू वाचताना त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या. शेवटी म्हणाले, "बाई, हे असंच्या असं वर पाठवू?"

"असंच्या असं," मी म्हणाले.

पाठवलं. वर कुणीतरी समजूतदार बसलं असावं. तीन वर्षांचे आकडे नोंदीत राहिले, शाळाखात्याला एक अक्षर गेलं नाही. पुढच्या मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, उंबरघोळसाठी नवीन मोठं भांडं आलं आणि त्याच्याबरोबर एक कागद. दोन्ही पोचवायला मीच गेले, या खेपेला मजबूत कोल्हापुरी चपला घालून.

तानाक्कानं नव्या भांड्यात हात घालून तळ चाचपला. "किती मावतंय?"

"तुमच्या डोंगरातला कुठल्याही दिवसाचा मावेल."

"आन् तुमच्या सायबाचं डोस्कं?"

मग अंगणात उभी राहून मी तो कागद वाचला. उंबरघोळ येथील पर्जन्यमापन केंद्रावर श्रीमती तानूबाई यांची निरीक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. मास्तर डोळे पुसत होते. तानाक्कानं चेहरा हलवला नाही. पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचला.

"आता आनि एकदा," ती म्हणाली, "आन् जरा मोठ्यानं. शेजारीन कुडाआड हुबी हाय."